फिट की छोटा पक्षाघात?
वृद्ध आईवडिलांना आलेला ‘झटका’ नेमका कशाचा, हे ओळखण्यात घरच्यांचे निरीक्षण निर्णायक

सकाळी साडेसातची वेळ. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आई दिवाणखान्यात चहा घेत बसल्या आहेत. स्वयंपाकघरातून सून काहीतरी विचारते, पण उत्तर येत नाही. कप फुटल्याचा आवाज येतो म्हणून ती धावत बाहेर येते. आईंची नजर शून्यात, उजवा हात मांडीवर लुळा पडलेला आणि तोंडून शब्द फुटत नाही. घरात एकच धावपळ उडते. डॉक्टरांना फोन लागेपर्यंत आई सावरतात. ‘‘अगं, काही नाही झालं. रात्री झोप लागली नव्हती, म्हणून जरा चक्कर आली असेल,’’ असे म्हणून त्या उठूनही बसतात. संध्याकाळी दवाखान्यात रक्तदाब ठीक भरतो, हातापायांत ताकदही नेहमीसारखी असते. दोन दिवसांत घर हा प्रसंग विसरूनही जाते.

प्रसंग कल्पित आहे, परंतु ज्या घरात सत्तरीपुढची माणसे आहेत त्या घराला तो अपरिचित वाटणार नाही. आईंना त्या सकाळी नेमके काय झाले होते? मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाला होता, की मेंदूतील विद्युत प्रवाहात बिघाड होऊन फिट आली होती? बाहेरून दोन्ही प्रकार सारखे दिसू शकतात, दोन्ही आपोआप थांबतात आणि थांबल्यावर मागे फारशी खूण ठेवत नाहीत. उपचार मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. डॉक्टरांसमोर रुग्ण येतो तेव्हा बहुधा सारे शांत झालेले असते. अशा वेळी निदानाचा मोठा भार पडतो तो ज्याने घटना डोळ्यांनी पाहिली त्याच्या सांगण्यावर.

शब्दांचा घोळ

अडचण सुरू होते ती भाषेपासूनच. ‘झटका आला’, ‘अ‍ॅटॅक आला’, ‘चक्कर आली’ हे शब्द आपण हृदयविकारापासून भोवळीपर्यंत कशासाठीही वापरतो. अंगावरून वारे गेले म्हणजे पक्षाघात, अर्थात अर्धांगवायू किंवा लकवा. फिट, आकडी किंवा फेफरे म्हणजे अपस्माराचा झटका. यांच्या जोडीला तिसरा शब्द माहीत असायला हवा, तो म्हणजे ‘टीआयए’ अर्थात ‘ट्रान्झिअंट इस्केमिक अ‍ॅटॅक’. बोलीभाषेत त्याला ‘मिनी स्ट्रोक’ किंवा छोटा पक्षाघात म्हणतात. छोटा हे विशेषण मात्र फसवे आहे. तो लवकर ओसरतो एवढ्यापुरताच छोटा. त्याने दिलेला इशारा मोठा असतो.

मेंदूत काय घडते?

टीआयएमध्ये मेंदूच्या एखाद्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने तात्पुरती बंद होते. ही गुठळी बहुधा मानेतील धमनीत साचलेल्या चरबीच्या थरातून किंवा अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातून सुटून आलेली असते. रक्त न मिळाल्याने त्या भागाचे काम ठप्प होते. गुठळी विरघळली किंवा पुढे सरकली की रक्त पुन्हा वाहू लागते आणि लक्षणे नाहीशी होतात. पूर्वी २४ तासांच्या आत लक्षणे ओसरली तर त्याला टीआयए म्हणत. २००९ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग व पक्षाघातविषयक संघटनांनी ही व्याख्या बदलली. मेंदूच्या पेशींना कायमची इजा झालेली नसेल तरच टीआयए म्हणावे, असे ठरले. प्रत्यक्षात बहुतेक टीआयए तासाभराच्या आत, अनेकदा काही मिनिटांतच संपतात.

फिटमध्ये याच्या उलट घडते. मेंदूचे काम थांबत नाही, तर भलतेच उफाळून येते. पेशींचा एखादा समूह एकाच वेळी, अनियंत्रितपणे विद्युत संदेश सोडू लागतो. तो समूह हाताची हालचाल नियंत्रित करणारा असेल तर हात झटके देऊ लागतो, स्मृती आणि भान यांच्याशी निगडित असेल तर माणूस जागा असूनही हरवल्यासारखा होतो. हे वादळ संपूर्ण मेंदूत पसरले तर सर्वांगाला आचके येऊन शुद्ध हरपते.

फिट हा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होणारा विकार आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः पहिली फिट येण्याचे प्रमाण आयुष्याच्या दोन टोकांना, म्हणजे बालपणी आणि वार्धक्यात, अधिक असते. वार्धक्यात नव्याने सुरू होणाऱ्या अपस्माराचे सर्वात मोठे ज्ञात कारण पूर्वी होऊन गेलेला पक्षाघात हेच आहे. त्यामुळे ज्या आजोबांना पूर्वी पक्षाघात झाला आहे, त्यांना पुढचा झटका आला की दोन्ही शक्यता समोर उभ्या राहतात.

फरक कसा ओळखावा?

दोहोंतील भेद समजून घेण्याचे एक साधे सूत्र आहे. टीआयएमध्ये काहीतरी ‘जाते’, फिटमध्ये काहीतरी ‘येते’.

टीआयएमध्ये हाताची ताकद जाते, वाचा जाते, एका बाजूची संवेदना जाते किंवा एका डोळ्यापुढे पडदा उतरावा तशी दृष्टी जाते. फिटमध्ये नको असलेल्या गोष्टी येऊ लागतात. हातापायाला किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला झटके येतात, मुंग्यांची लाट सरकत जाते, नसलेला वास येतो, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते. ओठांची चपचप, काही चघळल्यासारखी हालचाल, साडीचा पदर किंवा सदऱ्याचे बटण चाचपत राहणे याही हालचाली माणसाच्या नकळत होतात.

दुसरा भेद सुरुवातीचा. टीआयएची लक्षणे एकदम आणि एकाच वेळी येतात. हात, चेहरा व वाचा यांना एकाच क्षणी फटका बसतो. फिटमध्ये लक्षणे सरकत जातात. आधी बोटे, मग मनगट, मग दंड, मग चेहरा असा प्रवास काही सेकंदांत ते एक-दोन मिनिटांत होतो.

तिसरा भेद शुद्धीचा. टीआयएमध्ये माणूस सहसा जागा असतो. त्याला बोलता आले नाही तरी आजूबाजूला काय चालले आहे हे कळत असते आणि नंतर तो ते सांगूही शकतो. फिटमध्ये भान बऱ्याचदा सुटते. ‘‘मधल्या वेळेतले मला काहीच आठवत नाही,’’ असे रुग्ण म्हणत असेल तर ते फिटच्या बाजूने झुकणारे लक्षण मानावे.

चौथा भेद कालावधीचा आणि नंतरच्या अवस्थेचा. फिट साधारणतः एक ते तीन मिनिटांत थांबते, पण तिच्यानंतर गुंगी, गोंधळ, डोकेदुखी, अंगदुखी उरते. वृद्धांमध्ये हा गोंधळ कित्येक तास, क्वचित एक-दोन दिवसही रेंगाळतो. टीआयए तुलनेने जास्त वेळ, म्हणजे पाच-दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो. पण ओसरल्यावर माणूस लगेच पूर्ववत होतो. जिभेची कड चावली गेली असेल तर फिटचा संशय बळावतो. कपड्यांत लघवी होणे मात्र साध्या भोवळीतही संभवते, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नये.

फसवे प्रकार

हे नियम बहुतेकदा उपयोगी पडतात, पण नेहमीच नाही. पहिला फसवा प्रकार म्हणजे फिट थांबल्यानंतर राहणारा लुळेपणा. रॉबर्ट बेंटली टॉड या वैद्यकतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘टॉड्ज पॅरालिसिस’ म्हणतात. ज्या हाताला झटके आले तोच हात नंतर काही मिनिटांपासून एक-दोन दिवसांपर्यंत अशक्त राहतो. फिट कोणी पाहिलीच नसेल आणि फक्त लुळा हात दिसला तर तो हुबेहूब पक्षाघात वाटतो.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. मानेतील धमनी अतिशय अरुंद झाली असेल तर टीआयएमध्येही हातापायाला थरथर किंवा झटके येऊ शकतात. अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठल्यावर असे झटके येतात, चेहरा त्यातून सुटलेला असतो आणि बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर ते थांबतात.

तिसरा आणि घरात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा प्रकार म्हणजे शांत फिट. वृद्धांमध्ये फिट म्हणजे हातपाय झाडणे आणि तोंडाला फेस येणे असेच नसते. दोन मिनिटे एकटक पाहणे, प्रश्नाला उत्तर न देणे, मध्येच विसंगत बोलणे एवढेच दिसते. ‘वयोमानाने असे व्हायचेच’ किंवा ‘आता स्मृतिभ्रंश सुरू झाला’ म्हणून ते सोडून दिले जाते. असे प्रसंग वारंवार आणि दर वेळी त्याच क्रमाने घडत असतील तर फिटची शक्यता तपासायलाच हवी.

चौथा प्रकार अधिक नाजूक आहे. काही वृद्धांच्या मेंदूतील लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अ‍ॅमिलॉइड नावाचे प्रथिन साचते आणि तेथून सूक्ष्म रक्तस्राव होतो. त्यांना सरकत जाणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणाचे झटके येतात. ते टीआयए समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली तर मोठ्या रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. औषधापूर्वी स्कॅन आवश्यक ठरतो तो यासाठीही.

दोन्ही नसून तिसरेच

काही वेळा कारण या दोहोंपेक्षा वेगळेच निघते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर घसरली तर घाम, गोंधळ, बडबड, फिट, इतकेच नव्हे तर एका बाजूचा लुळेपणाही दिसतो. घरात ग्लुकोमीटर असेल तर ही तपासणी मिनिटभरात होते. रक्तदाबासाठी दिलेल्या काही लघवीच्या गोळ्यांमुळे रक्तातील सोडियम घटते आणि त्यातून गोंधळ किंवा फिट उद्भवते. उभे राहताच रक्तदाब पडल्याने किंवा हृदयाचे ठोके बिघडल्याने भोवळ येते. त्यात चेहरा पांढरा पडतो, काही सेकंद हातपाय झटकलेही जातात, पण आडवे होताच माणूस लगेच भानावर येतो. काही आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून डोके आपटले असेल तर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्तही अशा झटक्यांना कारणीभूत ठरते. म्हणून पडण्याचा किरकोळ प्रसंगही डॉक्टरांना सांगावा.

त्या क्षणी काय करावे?

लक्षणे सुरू असताना घरच्यांनी निदान करत बसू नये. चेहरा वाकडा होणे, हात वर न राहणे, बोलणे बोबडे होणे यांपैकी काहीही दिसले तर तो पक्षाघातच आहे असे समजून रुग्णालय गाठावे. आपण पाहत असलेले लक्षण टीआयएप्रमाणे ओसरेल की पक्के होईल, हे त्या घडीला कोणीच सांगू शकत नाही. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्यातही जितका उशीर, तितका लाभ कमी. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालयच निवडावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. रुग्ण शेवटचा पूर्णपणे बरा कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवावी. उपचाराचा निर्णय त्या वेळेवरून होतो.

फिट चालू असेल तर रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूची टोकदार वस्तू दूर करावी आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविणे, हातात लोखंडी किल्ली देणे या उपायांनी फिट थांबत नाही. ती तिच्या गतीने थांबते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातील पहिलीच असेल तर तातडीने रुग्णालयात न्यावे.

दोन्ही प्रसंगी पाणी, चहा किंवा गोळी तोंडात घालू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर ते श्वासनलिकेत जाते. साखर घसरलेली आढळली आणि रुग्ण पूर्ण शुद्धीत असून त्याला नीट गिळता येत असेल तरच साखरपाणी द्यावे. स्कॅन होण्यापूर्वी स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण झटका रक्तस्रावाचाही असू शकतो. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो एकाएकी उतरविणे घातक ठरू शकते.

‘आता बरे आहे’ हा सापळा

सर्वात मोठी चूक घडते ती लक्षणे ओसरल्यानंतर. टीआयए झालेल्यांना पूर्ण पक्षाघात होण्याचा धोका पुढील ४८ तासांत सर्वाधिक असतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टीआयए झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे दहा जणांना ९० दिवसांत पक्षाघात झाल्याचे आढळले. त्यातील निम्मे पहिल्या दोन दिवसांतच. दिलासा देणारी बाजू २००७ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील ‘एक्स्प्रेस’ अभ्यासाने दाखवली. तपासणी व उपचार विनाविलंब सुरू केल्यावर हेच प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे बरे वाटू लागल्यानंतरचे दोन दिवस विश्रांतीचे नसून तपासणीचे आहेत.

तपासण्या आणि उपचार

टीआयएच्या संशयात मेंदूचा एमआरआय, मानेच्या धमन्यांची डॉपलर किंवा अँजिओग्राफी, ईसीजी आणि गरजेनुसार दिवसभर किंवा अधिक काळ हृदयाच्या ठोक्यांची नोंद केली जाते. ‘डिफ्यूजन’ पद्धतीच्या एमआरआयमध्ये, लक्षणे पूर्ण ओसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांच्या मेंदूत ताज्या इजेची खूण दिसते. फिटच्या संशयात मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी काढतात. मात्र दोन झटक्यांमधील काळात काढलेला ईईजी सामान्य असू शकतो. ‘ईईजी नॉर्मल आला, म्हणजे फिट नव्हती’ असा अर्थ काढणे चुकीचे आहे. साखर व सोडियम दोन्ही प्रसंगी तपासतात.

उपचारांच्या वाटा येथून वेगळ्या होतात. टीआयएमध्ये रक्तातील गुठळ्या रोखणारी औषधे, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि रक्तदाब व मधुमेह यांवर नियंत्रण हा पाया असतो. धोका अधिक असलेल्या रुग्णांना सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल दिले जाते. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारी वेगळी औषधे लागतात. मानेतील संबंधित धमनी फार अरुंद असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करावी लागते. फिटमध्ये यांपैकी कशानेही पुढची फिट थांबत नाही. तेथे अपस्मारविरोधी औषध नियमित घ्यावे लागते. वृद्धांमध्ये लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिन यांसारख्या औषधांना प्राधान्य दिले जाते, कारण फेनिटॉइनसारख्या जुन्या औषधांचा रुग्णाच्या इतर गोळ्यांशी संघर्ष होतो आणि दीर्घकाळात हाडेही ठिसूळ होतात. फिटला टीआयए समजले तर रुग्ण विनाकारण रक्तस्रावाचा धोका पत्करतो. टीआयएला फिट समजले तर टाळता येण्याजोगा पक्षाघात होऊन बसतो.

साक्षीदाराची वही

डॉक्टरांकडे जाताना पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून न्यावीत :

• झटका किती वाजता सुरू झाला, किती वेळ चालला?
• सुरुवातीला रुग्ण काय करत होता. बसलेला, उभा की झोपेत?
• सारे एकदम झाले की एका भागातून दुसऱ्याकडे सरकत गेले?
• हात लुळा पडला की झटके देत होता? कोणता हात?
• डोळे उघडे होते का? मान किंवा नजर एका बाजूला वळली होती का?
• हाक मारल्यावर प्रतिसाद होता का? बोलता येत नव्हते की समजतच नव्हते?
• चेहरा वाकडा, पांढरा की निळसर?
• पूर्ववत व्हायला किती वेळ लागला? मधले काही आठवते का?
• असे पूर्वी कधी झाले होते का?
• सध्या चालू असलेली सर्व औषधे, अलीकडे बदललेला डोस आणि अलीकडचे पडणे.

मदतीला दुसरे कोणी असेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करावे. ते असभ्य वाटेल, पण डॉक्टरांना त्यातून जे कळते ते शब्दांतून क्वचितच कळते.

येथे एक संकोच आडवा येतो. ‘फिट’ हा शब्द अनेक घरांत अजूनही उच्चारला जात नाही. घरात लग्नाची नात आहे, आजीला फेफरे येते असे बाहेर कळले तर काय, या धास्तीने डॉक्टरांनाही फक्त ‘चक्कर’ सांगितली जाते. पक्षाघातानंतर किंवा वार्धक्यातील अन्य कारणाने आलेली फिट नातवंडांकडे वारशाने जाते, हा समज निराधार आहे. हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या आड येणाऱ्या बाबींत असलेला अपस्माराचा उल्लेखही १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. कायद्याने जो कलंक पुसला तो घराने जपून ठेवण्याचे कारण नाही. आणि डॉक्टरांपासून लपविलेल्या शब्दाची किंमत चुकवावी लागते ती रुग्णालाच.

मुले नोकरीनिमित्त पुणे, बंगळूर किंवा परदेशात आणि आईवडील घरी एकटे, हे आता नित्याचे झाले आहे. त्यामुळे झटका पाहणारा साक्षीदार अनेकदा शेजारी, सोसायटीचा रखवालदार किंवा घरकामाच्या बाई असतात. दवाखान्यात मात्र त्यांना कोणी नेत नाही आणि विचारतही नाही. सुरुवातीच्या प्रसंगात सून बाहेर आली ती कप फुटल्यानंतर. त्याआधीचे अर्धे मिनिट पाहिले होते ते फरशी पुसणाऱ्या बाईंनी. आईंची बोटे आधी थरथरत होती आणि मग झटका दंडापर्यंत चढला, असे त्या म्हणाल्या असत्या तर विचार फिटकडे वळला असता. हात एकदम गळून पडला, असे म्हणाल्या असत्या तर त्याच दिवशी मानेच्या धमन्या तपासल्या गेल्या असत्या. त्यांना विचारणे एवढेच राहून गेले होते.